माजघरातलं थिएटर

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने गाठलं. बाणेरला थ्री बीएचके घेतलाय पठ्ठ्याने. तिसऱ्या बेडरूमचं काय करायचं यावर घरात चर्चासत्र चालू आहे. त्याला "होम थिएटर कम गेस्ट रूम कम ऑफिस" करायचंय. शोरूमवाल्याने त्याला एक थ्रीडी चित्र पाठवलंय. काळ्या भिंती, छताला जांभळ्या लाइटच्या पट्ट्या, मागच्या रांगेसाठी फूटभर उंचीचा लाकडी ओटा आणि त्यावर चार रिक्लायनर. "कसं वाटतं? तू गावाला केलंयस ना असलं काहीतरी?"

केलंय. दोनदा केलंय. पहिल्यांदा केलं ते हुबेहूब या चित्रासारखं होतं, आणि म्हणूनच आज हा लेख. (शनिवार आहे, प्रॉडक्शनला काही जळत नाहीये, चहा हातात आहे. वाचा.)

आमचं गाव नाते. महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत लागतं. गावाच्या नावावरून जे विनोद सुचतात ते सगळे आम्ही शाळेतच ऐकलेत, तेव्हा ते राहू द्या. गावाची खरी ओळख म्हणजे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे सीडी. जन्म नात्याचा, १४ जानेवारी १८९६. आता ज्या गावाने देशाला अर्थमंत्री दिला त्या गावातल्या मुलाला एका खोलीचं बजेट सांभाळता येऊ नये, हे बाबांनी मला किमान पन्नास वेळा ऐकवलंय.

आमचं घर जुनं, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. या माजघराबद्दल शहरातल्या मंडळींना थोडं सांगायला हवं. अठरा फूट लांब, अकरा फूट रुंद, घराच्या मधोमध, त्यामुळे खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा आत शिरलं की डोळ्यांना सावरायला मिनिटभर लागतं. आजी या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून या खोलीने काय काय पाहिलंय! पंगती, बाळंतपणं, भाताच्या कणग्या, संध्याकाळची रामरक्षा, दर भाद्रपदात गणपती. मध्ये तुळईला टांगलेला शिसवी झोपाळा आणि कोपऱ्यात आजीची खाट.

आणि २०२० साली या खोलीकडे बघून अस्मादिकांच्या मनात काय यावं? "अरे! ही तर तयार डार्क रूम आहे!"

तो वर्क फ्रॉम होमचा काळ होता. मी नुकताच नोकरीला लागलेला, पुण्याची रूम सोडून गावाला येऊन बसलो होतो. पगार येत होता आणि खर्च शून्य. अशा परिस्थितीत इंजिनीयर माणूस काय करतो? प्लॅन काढतो. स्केचअपमध्ये माजघराचं मॉडेल तयार केलं, यूट्यूबवर अमेरिकन लोकांच्या बेसमेंटचे शे-दोनशे व्हिडिओ पाहिले. २०२१ चा उन्हाळा संपायच्या आत माजघराच्या मागच्या अर्ध्या भागात प्लायवूडचा भक्कम ओटा झाला, भिंतींवर काळा फोम चिकटवला, झोपाळा काढून माळ्यावर टाकला आणि आजीची खाट ओटीवर गेली. आजी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा खरं तर काळजी करायला हवी, पण तेव्हा माझं लक्ष सबवूफर कुठे ठेवायचा याकडे होतं. एकूण खर्च बासष्ट हजार.

पहिला फटका पावसाने दिला. महाड-पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जून संपेपर्यंत फोमच्या पाठीमागे काळी बुरशी धरली. जुनी मातीची भिंत श्वास घेते असं गवंडी म्हणायचा, ते मला तेव्हा कवित्व वाटलं होतं. त्यात कवित्व काही नव्हतं. भिंत ओल सोडते, मी त्या ओलीला जायची वाटच बंद केली होती. खोलीला मस्त पीव्हीआरचा वास येईल असं वाटलं होतं, आला तो भिजलेल्या घोंगडीचा.

दुसरं जे झालं त्याला फटका म्हणवत नाही. २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या, महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे वीज नाही, नेटवर्क नाही, कोण कुठे आहे कळायला मार्ग नाही. महाडला आमची आत्या राहते, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर बाबा आणि शेजारचे दोघं टेम्पो घेऊन गेले आणि संध्याकाळी आत्याचं घर आणि तिच्या शेजारचं घर अशी अकरा माणसं घेऊन आले. त्यात एक तीन महिन्यांचं बाळ. सगळ्यांच्या अंगावर तो करडा चिखल. आत्याच्या हातात एक पिशवी, तिच्यात रेशनकार्ड आणि देवघरातला बाळकृष्ण. बाकी काही नाही.

ओटी गळत होती. पडवीत लाकडं रचलेली. एवढ्या माणसांना झोपवायला घरात एकच कोरडी, मोठी, उबदार जागा, माजघर. आणि माजघराच्या अर्ध्या भागात माझा ओटा! वर झोपवावं तर बाळ खाली पडेल, खाली झोपवावं तर जागा पुरत नाही, आणि अंधारात दोघं जण त्याच्या कडेला अडखळून पडले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहार आणली. कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघांनी तो ओटा तासाभरात तोडून काढला. फोमही ओरबाडून काढला, बुरशीने बाळाला खोकला नको म्हणून. मग आजीने जमिनीवर चटया, त्यावर गोधड्या घातल्या. सगळे झोपले. एवढ्या सगळ्यांत आजी मला एकच वाक्य बोलली, "खोली मोकळी असली ना रे, की तिच्यात सगळं मावतं."

दहा-बारा दिवस ते सगळे राहिले.

आता माझं मत, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. "मल्टिपर्पज होम थिएटर" हा शब्दच आपण उलटा समजतो. आपण आधी थिएटर बांधतो आणि मग त्यात पाहुणे, ऑफिस, आजी, गणपती हे कुठेतरी कोंबतो. सोफा कम बेड आण, भिंतीत घडी होणारं टेबल बसव. मी म्हणतो, खोली आधीच मल्टिपर्पज असते. रिकामी खोली जितकी कामं करते तितकी कुठलीही महागडी फर्निचरवाली खोली करत नाही. थिएटरने तिथे पाहुण्यासारखं यावं आणि पाहुण्यासारखं जावं. जे फरशीला ठोकलंय ते चुकलंय, मग ते कितीही स्टायलिश असो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. ट्रकमधून प्रोजेक्टर, बांबू, कनाती उतरायच्या, रात्री हजारभर माणसं सिनेमा बघायची, आणि जत्रा उठली की मैदान पुन्हा मैदान. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर "द सिनेमा ट्रॅव्हलर्स" नावाची डॉक्युमेंटरी २०१६ साली आली, कानला गेली, तिथे तिची खास दखलही घेतली गेली. मिळाली तर जरूर बघा. आणि त्याच्याही मागे जायचं तर दादासाहेब फाळके. १९१२ साली दादरच्या राहत्या घरात स्टुडिओ थाटला. सरस्वतीबाई रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या, केमिकल कालवायच्या आणि युनिटचा स्वयंपाकही करायच्या. मुलगा रोहिदासाच्या भूमिकेत. भारतातलं पहिलं "मल्टिपर्पज" फिल्मी घर तेच म्हणायला हवं. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली होती, म्हणजे बजेटचं दुखणंही जुनंच.

असो. तर दुसरं माजघर. यावेळी बजेट पंच्याहत्तर हजार, आणि एक अट: दहा मिनिटांत खोली जशी होती तशी झाली पाहिजे.

सगळ्यात आधी पैसे घातले ते जिथे कुणाला दिसत नाहीत तिथे. वायरिंग आणि अर्थिंग, अकरा हजार. घरातलं जुनं वायरिंग बल्ब आणि पंख्यापुरतं होतं. वायरमनने अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा पाइप पुरला. सगळे प्लग जमिनीपासून चार फुटांवर घेतले (का, ते आता सांगायला नको). आमच्याकडे मे महिन्यात आणि परत ऑक्टोबरात विजा अशा पडतात की स्टॅबिलायझर, यूपीएस सगळं ठीक, पण ढग गडगडले की प्लग भिंतीतून उपटून काढणे हाच खरा उपाय. स्टॅबिलायझर आणि यूपीएस मिळून साडेआठ हजार.

मग आवाज. इथे माझं बहुतेक मित्रांशी भांडण होतं. लोक बजेटचा मोठा हिस्सा पडद्यावर घालवतात आणि आवाजासाठी उरलेल्या पैशात सिलिंडरसारखा एखादा बार आणतात. आजीला मोतीबिंदू आहे आणि ऐकूही कमी येतं. तिला विचारलं तर म्हणाली, "चित्र जरा कमी दिसलं तरी चालेल, पण बोललेलं कळू दे." माझ्या मते हे होम थिएटरचं सर्वोत्तम स्पेसिफिकेशन आहे. मी फाइव्ह पॉइंट वनच्या मोहात पडलो नाही. पाच स्वस्त स्पीकरपेक्षा दोन चांगले स्पीकर आणि एक सबवूफर, अठरा हजारांत. बसायची जागा आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण झाला की संवाद बरोबर पडद्याच्या मधून येतात. कुठलाही वेगळा सेंटर स्पीकर लागत नाही. सबवूफर आधी कोपऱ्यात ठेवला होता. कोपऱ्यात बास फुगतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण फळीवरची पितळी भांडी एका सुरात थरथरू लागली तेव्हा नीट समजलं. तीन फूट पुढे ओढला, भांडी शांत.

घुमण्यावर उपाय म्हणजे आजीच्या गोधड्या. खरंच! जुन्या लुगड्यांच्या पाच-सहा थरांची गोधडी ही आवाज शोषायला उत्तम चीज आहे. झोपायच्या वेळी काढून अंगावर घेता येते, पावसाळा संपला की उन्हात टाकता येते. दोन बाजूंच्या भिंतींवर खुंट्या होत्याच, त्यावर दोन-दोन अडकवतो. आणि त्या दिसतात काय सुंदर! पुण्यात एका इंटीरियरवाल्या बाईंनी फोटो बघून विचारलं, हे वॉल हँगिंग कुठून घेतलंत :)

प्रोजेक्टर सेकंडहँड घेतला, बत्तीस हजारांना. इथे थोडं सावध करतो. ऑनलाइन पाच-सात हजारांना "९००० लुमेन, फोर के सपोर्ट" असे डबे मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. लुमेनच्या मागे एएनएसआय लिहिलंय का बघा, आणि "सपोर्ट" शब्दाकडे दुर्लक्ष करून नेटिव्ह रिझोल्यूशन किती ते विचारा. फोर के सपोर्ट म्हणजे मोठी फाइल घेईल आणि लहान करून दाखवेल, एवढंच. माझा नेटिव्ह १०८० पी आहे. शंभर इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. थ्रो रेशो दीड, म्हणजे प्रोजेक्टर पडद्यापासून जवळजवळ अकरा फुटांवर हवा. मी टेप लावून मोजलं तर अकरा फुटांवर नेमकी तुळई! तिच्यावर लाकडी फळी, फळीवर प्रोजेक्टर, एकही खिळा न ठोकता. सात हजारांचा हाताने ओढायचा पडदा समोरच्या तुळईला टांगलाय. गणपतीत तो वर गुंडाळला जातो आणि त्याच भिंतीशी मखर लागतं. भिंतीला चुना आणि दारांना जाड पडदे, पाच हजार.

बेरीज साडेएक्क्याऐंशी हजार. साडेसहा हजारांची तूट. बाबांनी पुन्हा सीडींची आठवण काढली.

आता बसायची जागा. सव्वासात फुटी पडद्यासाठी बसायला साधारण दहा फुटांचं अंतर छान. आणि दहा फुटांवर काय आहे? झोपाळा. माळ्यावरून परत खाली आलाय. तोच आमचा रिक्लायनर. हलत्या झोपाळ्यावरून मारामारीचा सिनेमा पाहू नये हे अनुभवाचे बोल, बाकी काही अडचण नाही. पोरं झोपाळ्यावर उभी राहिली की पडद्यावर त्यांच्या डोक्यांच्या सावल्या येतात, त्या आजीला सिनेमापेक्षा जास्त आवडतात. तिची खाट पुन्हा तिच्या कोपऱ्यात आहे. बाकीचे जमिनीवर, चटईवर.

अडचणी नाहीत असं नाही. जुलैमध्ये कौलांवर पाऊस असा वाजतो की संवाद ऐकू येणं अशक्य. सबटायटल लावतो, आजीला मी मोठ्याने वाचून दाखवतो (खलनायकाचे संवाद माझ्या तोंडी विशेष खुलतात म्हणे). एका स्पीकरच्या मागच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं. बास कुठे गेला म्हणून मी आठवडाभर सेटिंग बदलत बसलो होतो. आता आम्ही पुण्याला परतताना भोकात मोजा कोंबतो. आणि लेन्सला बुरशी धरू नये म्हणून पावसाळ्यात प्रोजेक्टर वापरून, थंड करून, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. ही आयडिया आजीचीच. तिचे पापड वर्षानुवर्षं असेच टिकतात, आणि डबाही पापडाचाच आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कौलारू घराला ठीक, आमच्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये झोपाळा कुठला आणि तुळई कुठली? मान्य. पण प्रश्न तोच आहे. त्या तिसऱ्या बेडरूममध्ये वर्षातले किती दिवस सिनेमा आणि किती दिवस माणसं? सिनेमा आठवड्याला दोन, धरून चालू. बाकीच्या दिवशी तिथे तुमची आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर राहणार, तिथे बायको मीटिंग घेणार, तिथे कधीतरी पाळणा लागणार. काळ्या भिंतींच्या खोलीत, फूटभर ओटा चढून, वॉकर घेतलेली आई कशी जाईल? शोरूमच्या त्या थ्रीडी चित्रात माणसं नसतात, कधी लक्ष देऊन बघा. मला तरी आजवर एकाही चित्रात खाट दिसलेली नाही. स्टाइलचं म्हणाल तर चार रिक्लायनरमुळे खोली थिएटरसारखी दिसते खरी, पण मग ती दुसऱ्या कशासारखीच दिसत नाही. पांढरी भिंत, उबदार पिवळा दिवा, एक चांगली सतरंजी, लोड-तक्के, चाकांच्या कपाटात बंद होणारी यंत्रं. यापेक्षा जास्त स्टायलिश काही असेल तर मला दाखवा.

माझे काका याला अजिबात मानत नाहीत. ते डोंबिवलीला असतात. त्यांचं म्हणणं, धड थिएटर नाही, धड माजघर नाही. पैसे मी देतो, एसी बसव, खुर्च्या आण, काहीतरी दणकेबाज कर. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. सव्वासात फुटी पडद्यावर दाराच्या फटीतून उजेडाची तिरीप येते तेव्हा मलाही चुटपुट लागते, आणि एप्रिलच्या रात्री नुसत्या पंख्याखाली तीन तास बसणं ही तपश्चर्या आहे. पण गंमत अशी की पूर्वी काका गणपतीला दीड दिवसासाठी यायचे आणि विसर्जन झालं की गाडीला स्टार्टर. गेल्या वर्षी पाच दिवस राहिले. आरती झाली, जेवणं झाली की चुलत भावंडं माजघरातच पसरायची. मखर असल्यामुळे पडदा बंद, मग एका पोराने ओटीच्या बाहेरच्या भिंतीवर प्रोजेक्टर मारला आणि अंगणात सतरंज्या टाकून सगळ्यांनी सिनेमा पाहिला. शेजारचे दहा-बारा जण कुंपणावरून आत. काकांनी एसीचा विषय काढला नाही. (त्या दिवशी हवाच छान होती, असं ते नंतर म्हणाले.)

बाणेरच्या मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तासभर. तो "हं... हं..." करत होता, मला वाटलं लॅपटॉपवर काम करतोय. काल त्याचा मेसेज आला. लाकडी ओटा रद्द, भिंती पांढऱ्याच राहणार, बजेटमधून वीस हजार पडद्याकडून स्पीकरकडे वळवलेत. रिक्लायनर मात्र एक घेतलाच म्हणे.

सासूबाईंनी बसून बघितला आणि उठायलाच तयार नाहीत.